माशांना सलाईन

बातमीच्या पहिल्या वाक्यात कोण, काय, कुठे हे सांगून मोकळं व्हायचं असतं. त्या नियमाने सांगतो: जालन्यात, मस्तगडाच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या बैठकीत, एका निवृत्त माणसाने काचेच्या छोट्या पेटीतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात केली. हा निवृत्त माणूस म्हणजे माझे वडील. का, हा प्रश्न बातमीत शेवटी येतो आणि जागा कमी पडली की सगळ्यात आधी तोच कापला जातो. इथे जागेची अडचण नाही.

पेटी माझ्या मुलीची. बारावीच्या वर्षी अभ्यासाचा ताण हलका व्हावा म्हणून तिने ती मागून घेतली, आणि ताण इतका हलका झाला की अभ्यासाला हात लावायची गरजच पडेना. पेटीत मासे मोजके आणि झाडं भरपूर. तळाच्या वाळूत तिने एक बारीक गवत लावलं होतं. ते पसरून गालिचा व्हावा, अशी तिची इच्छा. पुण्याला शिकायला निघाली त्या सकाळी तिने आजोबांना पेटीसमोर बसवलं.

"आबा, मासे जगतात कसेही. हे गवत तेवढं सांभाळा. दिवाळीला मी आल्यावर ते पुढच्या काचेपर्यंत पसरलेलं पाहिजे."

"एवढ्याशा डबक्यात काय अवघड आहे?" वडील म्हणाले. "पसरलं म्हणून समज."

हा शब्द कोण देत होतं, ते लक्षात घ्यायला हवं. वडिलांनी उभी हयात बियाण्यांच्या एका कंपनीत काढली. परतूरपासून भोकरदनपर्यंत लोकांच्या शेतात कंपनीचा वाण उभा करायचा, बांधावर पाटी ठोकायची, आणि पीक ऐन भरात आलं की पंचक्रोशीतली माणसं जीपमध्ये भरून आणायची. याला पीक पाहणी म्हणतात. मंडप, भाषण, टाळ्या, जेवण. पीक अर्थातच प्लॉटच्या पुढच्या तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, दाखवतात. मागे काय आहे ते पाहायला जेवण झाल्यावर कुणी जात नाही.

तर अशा माणसाला हातभर पेटीतलं गवत जगवता येईना.

आधी ते पिवळं पडलं. मग त्यावर काळसर शेवाळ धरलं. वडिलांनी पहिलं निदान केलं: नत्र कमी. चिमूटभर युरिया टाकून बघू म्हणाले. माझी बायको तेव्हा कणीक मळत होती. ती तशाच हातांनी बाहेर आली.

"बाबा, त्यात जिवंत मासे आहेत."

"थोडासाच टाकतो."

"मंग आधी तुमच्या चहात टाकून बघते थोडासा."

युरिया मागे पडला. वडिलांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला घेतले. या विषयावर बोलणारी सगळी मुलं अतिशय आनंदी असतात आणि त्यांच्या पाठीमागे कायम एक हिरवंगार जंगल असतं. त्यांच्याकडून कळलं की झाडांना उजेड लागतो, खत लागतं आणि कार्बन डायऑक्साइड लागतो. पहिल्या दोन गोष्टी आमच्याकडे होत्या. तिसरीसाठी लोखंडी नळकांडं, त्यावर घड्याळासारखं मीटर आणि बारीक चावी, असा सरंजाम मिळतो. संभाजीनगरच्या एका दुकानात वडिलांनी फोनवर चौकशी केली आणि फोन ठेवला.

"एवढ्या खर्चात अर्ध्या एकराला ठिबक बसतं," ते म्हणाले.

मग गरिबाचा मार्ग सापडला. कोल्ड्रिंकची मोठी रिकामी बाटली घ्यायची. तीत कोमट पाणी, साखर आणि बेकरीवाले पावात घालतात ते यीस्ट. झाकणाला भोक पाडून नळी पक्की लिंपायची. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं, तो नळीतून पाण्यात जातो. साखरेच्या जागी वडिलांनी गूळ घेतला, कारण व्हिडिओतल्या मुलांना गूळ माहीत नसावा असं त्यांचं मत पडलं. नळीसाठी सलाईनचा सेट सगळ्यात उत्तम, हे मात्र मुलांनीच सांगितलं होतं. त्याला थेंब मोजायची पारदर्शक कुपी असते. तीत थोडं पाणी भरलं की थेंबांऐवजी बुडबुडे मोजता येतात. सेट आणायचं काम माझ्याकडे आलं.

मी एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात दुसऱ्यांच्या बातम्या तपासतो. खरं आणि मोजकं लिहा, हे मी रोज तालुक्याच्या वार्ताहरांना सांगतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशीही मी तसंच बोललो.

"सलाईनचा सेट द्या."

"कुणाला लावायचंय, सर?"

"माशांना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाटली कोणती देऊ? साधी का ग्लुकोजची?"

"बाटली नको. आम्ही गूळ घालणार आहोत."

त्याने सेट कागदात गुंडाळला, आणि काउंटरवर वाकून आवाज उतरवला. "मोठ्या साहेबांना जास्त झालंय का? सांगू नका, बराबर आहे. घरची गोष्ट आहे. पण सर, बिलकुल घरच्या घरी काही करू नका. दवाखान्यात न्या जल्दी."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून वाटेल त्या बातम्या गेल्या आणि लोकांनी त्या निमूट खऱ्या मानल्या. ही एक पूर्ण खरी होती, आणि पहिल्याच वाचकाने ती नाकारली.

वडिलांनी बाटली खिडकीच्या पडद्याच्या दांडीला टांगली. गॅसच्या बाटलीला टांगायची काहीही गरज नसते. ती जमिनीवरही तितकंच काम करते. पण सलाईन टांगतात, म्हणून हीसुद्धा टांगली. खिडकीखाली वडिलांचा दिवाण, शेजारी स्टुलावर पेटी. गल्लीतून वर पाहणाऱ्याला काय दिसायचं, तर टांगलेली बाटली, तिच्यातून खाली उतरलेली नळी, आणि नळी जिथे दिसेनाशी होते तिथे उशीवर टेकलेलं वडिलांचं डोकं. पेटी खालून दिसत नसे.

ही व्यवस्था बंद करता येत नाही, हे व्हिडिओतल्या मुलांनी बजावून सांगितलं होतं. सेटवरचं चाक दाबून नळी बंद केली तर गॅस बाटलीत साठतो आणि बाटली फुटते. म्हणून उजेड असेल तेव्हा नळी पेटीत, आणि संध्याकाळी दिवा मालवला की नळी पाण्याबाहेर काढायची. अंधारात झाडं हा गॅस घेत नाहीत, आणि मग त्याचा त्रास माशांना होतो. वडील नळी काढून खिडकीबाहेर सोडत. गूळ आंबल्यावर काय तयार होतं, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पेटीतून दिवसभर आणि नळीतून संध्याकाळी तोच वास येई. चौकशीला वर आलेल्या शेजाऱ्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि आजाराचं कारणही त्यांच्या लक्षात आलं. वडील आयुष्यात दारूला शिवले नव्हते. ही ख्याती त्यांना सत्तरीत, घरबसल्या मिळाली.

शेजारच्या काकू माझ्या बायकोला जिन्यात म्हणाल्या, "सुटंल हो. माझ्या भावाची सुटली. देवावर हवाला ठेवा."

गवत काही पसरत नव्हतं. दोनचार नवी पाती आली, तेवढीच. मुलीचा मात्र दर रविवारी निरोप यायचा: आबा, फोटो. पहिल्या रविवारी वडिलांनी खरा फोटो काढला, चष्मा कपाळावर चढवून तो नीट पाहिला आणि पुसून टाकला. मग मोबाइलमधला जुना शोधला. मुलगी घरी होती तेव्हाचा, गवत हिरवंगार असलेला. तो पाठवला आणि खाली लिहिलं: "आजची परिस्थिती. पीक समाधानकारक." आमच्या धंद्यात अशा फोटोखाली 'संग्रहित' असं लिहावं लागतं. हे मी त्यांना सांगितलं.

"तू तुझा पेपर सांभाळ," ते म्हणाले. "तिच्या परीक्षा आहेत. दिवाळीपर्यंत पीक खरंच तसं येणार आहे. मंग फोटो काय, आज काढला काय न् आधी काढला काय."

पुढच्या रविवारी दुसरा जुना फोटो गेला. मुलीकडून प्रत्येक वेळी अंगठा यायचा. एकदाही तिने काही विचारलं नाही. वडिलांना हे शुभलक्षण वाटलं.

दिवाळी जवळ येऊ लागली तसा त्यांचा धीर सुटला. आणि मग त्यांनी तेच केलं, जे त्यांनी जन्मभर शेतकऱ्यांना करू नका म्हणून सांगितलं होतं. फवारणीच्या एका पंपाने फरक पडत नसेल तर दोन पंप मारायचे. त्यांनी दुसरी बाटली टांगली. गूळही वाढवला. नळीच्या टोकाला आतापर्यंत औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण उपडं बसवलेलं होतं, त्याखाली गॅस साठून हळूहळू विरघळायचा. ते काढून तिथे एक सच्छिद्र दगड लावला, म्हणजे गॅसचा बारीक फेस होऊन सगळा पाण्यात जिरेल. दुपारचं ऊन खिडकीवर यायचं आणि दोन्ही बाटल्या उकळल्यासारख्या बुडबुडे सोडायच्या.

"आता बघ," वडील म्हणाले.

आता गल्लीतून वर पाहणाऱ्यांना दोन सलाईन दिसू लागली. ही बातमी पिंपळगाव रेणुकाईला पोहोचायला आमच्या आवृत्तीपेक्षाही कमी वेळ लागला. तिथे माझी आत्या असते, वडिलांची धाकटी बहीण. फोन करून खात्री करण्याची पद्धत आमच्या नात्यात नाही, कारण फोनवर सगळे बरं आहे असंच सांगतात. ती मिरचीचा तोडा अर्धा सोडून, जीप भरून माणसं घेऊन आली. सोबत मोसंबीची गोणी, कारण आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत.

जिना चढतानाच तिचा आवाज आला. "दादा! कामून सांगितलं न्हाई रे? आम्ही काय मेल्तो का?"

वडील दिवाणावर बसून पेपर वाचत होते. ते उठून उभे राहिले. जीपभर माणसं दारात थबकली. आजारी माणूस स्वतःच्या पायांवर उभा आहे, हे दृश्य पाहून त्यांच्या चेहऱ्यांवर आनंदाआधी जे उमटलं, त्याला निराशा म्हणणं जास्त अचूक होईल.

"मला काय झालंय?" वडिलांनी विचारलं.

आत्याने बाटल्यांकडे बोट केलं. "मंग हे कुणाला लावलंय?"

"माशांना."

 मग आत्याने तोंडाला पदर लावला, आणि ती रडतेय असं वाटून माझी बायको पाणी आणायला धावली. आत्या हसत होती. तिच्या दिराने, जो वाटेत म्हणे सगळ्यांना धीर देत आला होता, मोसंबीची गोणी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. "तोडा सोडून आल्तो राव आपण," तो म्हणाला.

आलेल्या माणसांना काहीतरी दाखवल्याशिवाय कसं पाठवायचं? वडिलांमधला जुना अधिकारी जागा झाला. समोर जीपभर शेतकरी बसलेले, मधोमध प्लॉट. त्यांनी पीक पाहणी सुरू केली. माझी पट्टी हातात घेऊन ते पेटीवर दाखवू लागले: हा उजेड, हा गाळणीचा पंप, ही मुळं, हा वायू.

आत्या पुढे वाकली. "दादा, हे खाली काय लावलंय?"

"ते खास गवत आहे."

"खास कुठलं? हराळी हाये ही." ती मागे वळून म्हणाली, "जलमभर लोकायला हराळी उपटा म्हनून सांगितलं यानं. न् आता म्हातारपणी लावून राह्यला!"

टाळ्या पडल्या. वडिलांनी हसल्यासारखं केलं आणि भाषण पुढे चालू ठेवलं. तेवढ्यात लाईट गेली. दुपारची वेळ, खोलीत उजेड होता. पंखा थांबला तेवढाच काय तो फरक आम्हाला जाणवला. पेटीवरचा दिवा विझला होता आणि पाणी हलवणारा पंपही बंद पडला होता. दोन्ही बाटल्या मात्र विजेवर चालत नव्हत्या. त्यांचं काम चालू राहिलं. वडिलांचंही. बियाण्यापासून बाजारापर्यंत त्यांना पुष्कळ सांगायचं होतं, आणि माणसं चहाची वाट पाहत ऐकत होती.

चहा झाला, मोसंबी सोलून झाली, तरी लाईट आली नाही. मासे एकेक करून वर आले आणि पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडं लावून उभे राहिले.

"पाव्हण्यांना बघायला आले," आत्याचा दीर म्हणाला.

"खूश आहेत," वडिलांनी स्पष्टीकरण दिलं. "वातावरण मानवलं की मासे वर येतात."

आत्याला एकदम नात आठवली. "अरं, पोरीला फोन लाव की. व्हिडिओवाला. तिला म्हनावं, तुझ्या माशायला बघायला सारं गाव आलंय."

"तिचा क्लास असेल," वडील घाईने म्हणाले. पण आत्याने माझ्याच हातून फोन लावून घेतला होता. पुण्यात मुलीने तो उचलला. आत्या फोन पेटीसमोर धरून म्हणाली, "ही बघ तुझी हराळी."

मुलीने गवताबद्दल काही विचारलं नाही.

"आबा, मासे वर का आहेत? आबा! लाईट गेलीय का? नळी काढा. दोन्ही काढा. आत्ता."

वडिलांच्या हातात पट्टी होती. ती त्यांनी कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. नळ्या मीच ओढून खिडकीबाहेर टाकल्या. एक मासा आडवा झाला होता.

"पाणी हलवा," मुलगी फोनमधून सांगत होती. "वरून ओता. भांड्याने काढा आणि उंचावरून परत ओता. थांबू नका."

बायकोने स्वयंपाकघरातून तांब्या आणला. वडिलांनी तो घेतला, पण घाईत निम्मं पाणी दिवाणावर सांडलं. आत्याने त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला. तिने पाणी काढलं, हात वर नेला आणि बारीक, न तुटणारी धार सोडली. गावाकडे देवीच्या अभिषेकाला ती दरवर्षी बसते. धार तुटू द्यायची नाही आणि हात दुखला की पुढच्याने थांबण्याआधी तांब्या घ्यायचा, हे त्या सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. ती दमली तशी दिराने घेतला, त्याच्याकडून मागच्या माणसाने. कुणी कुणाला सांगत नव्हतं. विनोदही थांबले होते. आजाऱ्याला पाहायला आलेल्या माणसांना अखेर आजारी सापडला होता.

वडील गोणीवर बसून होते. फोन पेटीला टेकवून ठेवला होता आणि त्यात मुलीचा चेहरा दिसत होता. ते त्याच्याकडे पाहत नव्हते.

लाईट आली तेव्हा बहुतेक मासे खाली उतरले होते. दोन उतरले नाहीत. आत्याने ते वाटीत काढले आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या कुंडीत पुरायला दिले. जाताना ती वडिलांना म्हणाली, "आता खरंच बिमार पडलास तं फोन कर. आम्ही येणार न्हाई."

मोसंबीची गोणी ती ठेवून गेली.

वडिलांनी त्या संध्याकाळी दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. वास जिन्यापर्यंत गेला आणि काकूंनी बायकोला सुटली का म्हणून विचारलं. बायको म्हणाली, सुटली. मग मुलीचा निरोप आला, आजोबांच्या नावाने. एक बाटली ठेवा. गूळ नको, साखर, आणि तीही कमी. टोपण परत बसवा. लाईट गेली की नळी बाहेर.

वडिलांनी तो निरोप शिस्तीने पाळला. कुठेही असले तरी लाईट गेली की ते नळीकडे धावत. अंगाला साबण लावलेला असतानाही धावले आहेत. रविवारचे फोटो मात्र बंद झाले. मुलीने मागितले नाहीत आणि त्यांनी पाठवले नाहीत. मला त्यांनी एकदाच विचारलं, तेही पेपरच्या आडून: "तिला राग आलाय का?" मी म्हटलं, तिलाच विचारा. ही माहिती मूळ स्रोताकडूनच घ्यावी लागते. त्यांनी पान उलटलं.

मुलगी दिवाळीला आली. पिशवी दारात टाकून आधी पेटीसमोर बसली. वडील तिच्या मागे उभे. गवत एका कोपऱ्यात तळहाताएवढं दाट झालं होतं, बाकी वाळू उघडी. पुढच्या काचेपर्यंत काही ते आलं नव्हतं.

"पीक कमी आलं," वडील म्हणाले.

ती कोपऱ्यातलं गवत बघत राहिली. "हे नवीन आहे. मी गेले तेव्हा इथे काहीच नव्हतं."

"दोन मासेही गेले."

"माहिती आहे. मी बघत होते ना, आबा." मग ती वळली. "आणि तुम्ही पाठवत होता ते फोटो मीच काढलेले होते. तुम्हाला मीच पाठवले होते."

वडिलांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. 

"मंग अंगठा कामून द्यायचीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही एवढं शोधून पाठवायचात म्हणून."

तिने बाही वर करून हात पाण्यात घातला. कोपऱ्यातलं गवत कात्रीने कापून त्याचे बारीक पुंजके केले आणि चिमट्याने ते उघड्या वाळूत टोचायला घेतले. काही पुंजके टोचून झाल्यावर तिने चिमटा आजोबांच्या हातात दिला. पुढच्या काचेजवळची ओळ त्यांनी लावली. ती सरळ आली नाही.

झाल्यावर फोटो काढायला तिने त्यांनाच लावलं. कोपऱ्यातून काढू का, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, समोरून, सगळी वाळू दिसू द्या. तो फोटो घरच्या ग्रुपवर गेला. खाली त्यांनी 'आजचा' एवढंच लिहिलं, आणि मला त्यात एका अक्षराचीही दुरुस्ती करावी लागली नाही.

पहिली प्रतिक्रिया पिंपळगाव रेणुकाईहून आली, आत्याच्या आवाजात. वडिलांनी ती मोठ्याने लावली.

"दादा, हराळी फुटून राह्यली बरं का कोपऱ्यात. निंदायला बाया धाडू का?"